अट क्रमांक सतरा

निविदेतली अट क्रमांक सतरा मीच टाइप केली होती,
मार्चअखेरीस, कागद उडतात म्हणून पंखा बंद ठेवून.
घामाचा एक थेंब ‘किमान’वर पडला,
तेवढं पान पुन्हा काढलं.
‘ठेकेदाराने कामगारांस किमान वेतन, विशेष भत्त्यासह,
दरमहा दहा तारखेच्या आत बँक खात्यात जमा करावे.
न केल्यास मुख्य मालक म्हणून महापालिका जबाबदार राहील.’
शेवटची ओळ जुन्या फाइलीतून उचललेली.
तिच्याकडे मी तेव्हा नीट पाहिलंही नाही.

झोन कार्यालयाच्या साफसफाईचं बिल
दर महिन्याला माझ्याच टेबलावर येतं.
बावीस नावं, बावीस खाती,
प्रत्येकी तेरा हजार चारशे बारा रुपये.
मी बँकेच्या यादीवर पट्टी ठेवून एकेक ओळ खाली सरकवायचो
आणि हिरव्या शाईनं लिहायचो, ‘तपासले. बरोबर.’
बरोबरच असायचं ते.
पैशाचाही फरक नसायचा.

मग एका अकरा तारखेला
कन्ना चौकातल्या एटीएमसमोर माझ्यापुढं मुकादमाचा पोरगा.
हातात रबर लावलेला कार्डांचा गठ्ठा,
प्रत्येक कार्डामागं मार्करनं चार आकडे.
कार्ड घाल, आकडे दाब, नोटा मोज, पुढचं कार्ड.
मागून कुणीतरी ओरडलं, ‘अरे, पत्ते पिसतो का काय बे?’
मीही हसलो. हसताना मोजत होतो.
एकवीस.
बावीस.
पायाशी पडलेली एक चिठ्ठी उचलली :
काढले पाच हजार,
शिल्लक आठ हजार चारशे बारा.
शेवटचे ते बारा रुपये मी ओळखले.

नरसम्मा सकाळी पावणेनऊला येते, आमच्याआधी.
विडी घरकुलातून दोन रिक्षा बदलून.
विचारलं, कार्ड कुठंय तुमचं?
‘सायबाकडं असतंय की. आमच्याकडं हरवतंय म्हणून.’
आणि ते पाच हजार?
ती टेबल पुसत राहिली.
माझ्या डब्याखालची जागासुद्धा, डबा उचलून.

मग म्हणाली, ‘तुमच्या कागदात काय लिवलंय माझं?’
मी अट वाचून दाखवली.
माझाच मजकूर, पण तोंडात खडे आल्यासारखा.
‘मुख्य मालक म्हणजे कोण ओ?’
मी भिंतीवरच्या बोधचिन्हाकडं बोट केलं.
तिनं भिंत पाहिली, मग मला पाहिलं,
मग माझ्या खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल :
तिचा नवरा भूमय्या ज्या मागावर विणतो तसलाच, निळ्या काठाचा.
‘म्हंजे तुमीच की.’

रागानं नाही म्हणाली.
कुणी पत्ता सांगावा, तसं.

मी म्हटलं, यावेळी बिलावर लिहितो.
ती एकदम जवळ आली,
‘नाव लिवू नका सायेब. आकडा लिवा.’

आकडा लिहिला.
बावीस गुणिले पाच हजार, गुणिले महिने.
बिल थांबलं. फोन आले.
एक फोन गोड होता,
एकात माझ्या मुलीच्या कॉलेजचं नाव होतं.
वरिष्ठ म्हणाले, यादी बरोबर आहे ना?
मग तुम्हाला एटीएमकडं कुणी पाठवलं होतं?
याचं उत्तर अजून माझ्याकडं नाही.

पुढच्या महिन्यात कार्डं परत मिळाली.
एकोणीस.
तिघींबाबत ठेकेदाराचा खुलासा आहे, ‘स्वेच्छेने काम सोडले.’
खाली तीन अंगठे.
नरसम्माला सही येते.
पगारपत्रकावर ती तेलुगूत करायची,
गोल गोल, अक्षराला अक्षर चिकटवून.

खुलासा मी परत पाठवलाय.
हिरव्या शाईनं तिचं नाव लिहून, पूर्ण नाव,
आणि पुढं, ‘मुख्य मालकाने उत्तर द्यावे.’
ती नको म्हणाली होती. मला आठवतंय ते.

पावणेनऊला आता मीच येतो.
टेबलावर धूळ असते, ती तळहातानं पुसतो.
टॉवेल खुर्चीवरच आहे,
त्याला हात लावावासा वाटत नाही.